टोकन नंबर एकवीसशे चौदा

ओव्हाळांच्या घरात जावयाचे झाले नाहीत एवढे लाड त्या कम्प्युटरचे झाले. प्रभावतीबाईंनी जुन्या साडीचे काठ लावून त्याला तीन झबली शिवली होती. मॉनिटरला एक, कॅबिनेटला एक आणि कीबोर्डला एक. जयसिंग ओव्हाळांनी अँगलचे तुकडे जोडून टेबल स्वतः वेल्ड केलं होतं. घर दोन खोल्यांचं, पंखा एकच, आणि तो त्या टेबलाच्या बरोबर डोक्यावर. माणसं घामानं निथळली तरी चालतील, कम्प्युटर तापता कामा नये.

साल दोन हजार तीन. त्यांची मिनल नुकतीच दहावी झाली होती. जयसिंग ज्या कंपनीत टूलरूमला फिटर होते, तिनं ऑफिसातले जुने कम्प्युटर बदलले आणि त्यातले बारा, दहावीला चांगले मार्क पडलेल्या कामगारांच्या मुलांना द्यायचं ठरवलं. मार्कांप्रमाणे यादी लागली. "आमच्या मिनूचा बारावा नंबर," हे पप्पांनी जिन्याच्या पहिल्या पायरीपासून वरच्या मजल्यापर्यंत दारोदार सांगितलं. शेवटचा का होईना, नंबर तो नंबर. मिनल तर पुढे कित्येक वर्षं परीक्षेला बसायच्या आधी हे वाक्य मनात म्हणायची.

टेम्पोतून कम्प्युटर आला तेव्हा मॉनिटर पप्पांनी उचलला आणि जड कॅबिनेट बुद्धरत्नकाकांनी. काका म्हणजे पप्पांचे जिगरी. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागले, मागेपुढेच राहायचे, आणि दोघांचे डबेही एकाच दुकानातले. त्यांची इतक्या वेळा अदलाबदल व्हायची की झाकणावर कोरलेला कंपनीचा टोकन नंबर बघितल्याशिवाय ओव्हाळांकडे कोणी डबा उघडायचं नाही. पप्पांचा दोन हजार अडुसष्ट, काकांचा एकवीसशे चौदा. कामगारांच्या पोरांचे पाढे चुकतील, टोकन नंबर चुकायचे नाहीत.

काकांची पूनम मिनलच्याच वर्गात होती. तिला मिनलपेक्षा चार मार्क जास्तच होते, पण कम्प्युटर काही तिला मिळाला नाही. मिनलनं एकदा विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, "त्यांचे कागद वेळेत पोचले नाहीत." सोळा वर्षांच्या मुलीला तेवढं उत्तर पुरलं. नवा कम्प्युटर समोर असताना कोण खोलात शिरतंय?

उलट पप्पांचं मन केवढं मोठं, असंच सगळे म्हणाले. कारण दर रविवारी पूनमला अर्धा तास कम्प्युटरवर बसायची मुभा होती. ती आपली फ्लॉपी रुमालात गुंडाळून आणायची. टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलेलं असे आणि गजर लावायचं काम मिनलचं. ते घड्याळ जुनं, गजर पाच मिनिटं आधीच वाजायचा. मिनलला हे पक्कं ठाऊक होतं, पण ती काही काटा पुढे सरकवायची नाही. वर "बटणं जोरात दाबू नको हं, आमच्या पप्पांच्या कष्टाचा आहे," असंही ऐकवायची. पूनम मान हलवायची आणि घाईघाईनं टाइप करत राहायची.

एक नियम मात्र घरच्यांनाही होता. कॅबिनेट उघडायचं नाही. आत धूळ साचो, खडखड वाजो, स्क्रूला हात लावायचा नाही. दोन वर्षांनी एका सकाळी कम्प्युटर सुरूच झाला नाही, तेव्हा मिनल डिप्लोमाला होती आणि तिचा वर्षभराचा प्रोजेक्ट त्यात अडकला होता. दुरुस्तीवाल्याला बोलवा म्हणून ती रडली, जेवली नाही. पप्पांनी ऐकलं नाही. "गेला तो, संपला," म्हणून त्यांनी चादरीत गुंडाळून तो माळ्यावर टाकला. मिनलनं सगळा प्रोजेक्ट सायबर कॅफेत बसून पुन्हा केला. तरी तिला पप्पांचा राग आला नाही. एवढ्या लाडक्या वस्तूची चिरफाड त्यांना बघवत नसेल, अशी समजूत तिनंच स्वतःची घातली. ज्याच्यावर जीव असतो त्याच्या सबबीही आपणच शोधून देतो.

आता मिनल अडतीस वर्षांची आहे. तळवड्याच्या आयटी पार्कात तिच्या हाताखाली वीस जण काम करतात, पिंपळे सौदागरला स्वतःचा फ्लॅट आहे. तिच्या कंपनीचा वर्धापनदिन येत्या शुक्रवारी होता आणि त्यात प्रत्येकानं आपल्या पहिल्या कम्प्युटरची आठवण सांगायची होती. बाकीचे फोटो दाखवणार होते. मिनलनं ठरवलं, आपण खुद्द कम्प्युटरच न्यायचा, आणि पप्पांना पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवायचं. तिनं भाषणही लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. पहिलंच वाक्य होतं, "माझ्या वडलांनी मला आयुष्यात एकही गोष्ट फुकट मिळू दिली नाही."

पप्पांनी यायचं कबूल केलं, त्यासाठी नवा शर्टही घेतला. पण कम्प्युटरचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला. "कशाला ते भंगार? फोटो ने की एखादा." मग रविवारी ते विहारात गेल्यावर मिनलनं स्टूल घेतलं आणि आईच्या मदतीनं चादरीचं गाठोडं खाली उतरवलं. आई त्याच्याकडे नुसती बघत राहिली. "नेच बाई एकदाचा," एवढंच म्हणाली.

घरी आणून मिनलनं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि ब्रश, स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली. कॅबिनेटच्या मागे पांढऱ्या रंगात २०६८ लिहिलेलं होतं. त्याच्या खालचा पत्रा कधीतरी खरवडलेला दिसत होता, पण तिकडे तिनं लहानपणीही कधी लक्ष दिलं नव्हतं. स्क्रू अलगद निघाले. तिनं बाजूचा पत्रा सरकवून काढला आणि आतली धूळ पुसायला उलटा केला.

आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहिलं होतं: २११४.

तिनं पुन्हा पुसून बघितलं. कंपनीच्या स्टोअरची ही रीत तिला पप्पांनीच कधीतरी शिकवली होती. कुठलीही वस्तू कुणाच्या नावावर चढली की टोकन नंबर दोनदा टाकायचा, एकदा बाहेर आणि एकदा आत. बाहेरचा नंबर कोणी कधी खोडेल याचा भरवसा नसतो. बावीस वर्षं उघडायचं नाही, उघडायचं नाही म्हणून जे चाललं होतं, ते याच्यासाठी. मिनलनं पत्रा पिशवीत घातला आणि तशीच परत पिंपरीला, पप्पांकडे गेली.

पप्पा विहारातून येऊन खुर्चीत बसले होते. मिनलनं पत्रा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, त्याच अँगलच्या टेबलावर. त्यांनी नंबर वाचला आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"काकांचा होता ना हा?" मिनलनं विचारलं.

आई चहा ठेवते म्हणून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. म्हणजे आईलाही सगळं ठाऊक होतं.

"तुझा नंबर तेरावा होता, मिनू," पप्पा म्हणाले. "बारावी पूनम होती. नंबर टाकून मशीन तयार होतं. शनिवारी चारच्या आत गेटपासवर सही करायची, न्हाईतर मशीन यादीतल्या पुढच्याला. आणि नेमकी गुरुवारी बुद्धाची आई वारली. गावाला निघताना मला म्हणला, जयसिंग, माझ्या वतीनं सही करून ठेव, मी आलो की नेतो."

"मग?"

"पेन घेऊन उभा होतो टाइम ऑफिसात. सही केलीच न्हाई. चार वाजू दिले."

पुढचा नंबर कुणाचा होता हे विचारायची गरजच नव्हती.

"त्यांना काय सांगितलंत?"

"तुझे कागद वेळेत पोचले न्हाईत, साहेबानं नाव कापलं, मशीनवर तुझा नंबर चढलाच न्हाई, म्हणून सांगितलं. त्यानं एका शब्दानं विचारलं न्हाई. उलट म्हणला, परक्याला जाण्यापेक्षा आपल्या मिनूला गेला ते बरं झालं. आणि आला उचलू लागायला."

केसानं गळा कापावा तो मित्रानंच; परक्याला तेवढं जवळ येऊ कोण देतो? तीन वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाला पप्पांनी हातात माइक घेऊन "माझा पाठचा भाऊ गेला" असं सांगितलं होतं आणि सगळ्या मांडवाला रडवलं होतं. मिनलही रडली होती. आता ते आठवून तिच्या अंगाची आग झाली.

"आतला नंबर पुसला का नाहीत मग? तेवढं तरी धड करायचं."

"गेलो होतो पुसायला. एकदा तू कॉलेजला असताना उघडलं. थिनरचा बोळा हातात होता." पप्पांनी हाताकडे बघितलं. "न्हाई पुसता आला. तसंच लावून टाकलं."

"आणि माझा प्रोजेक्ट? तो गेला तरी चालला तुम्हाला?"

"दुरुस्तीवाला उघडणार, बुद्धा तिथंच बसलेला असणार..." ते थांबले. मग मान वर करून म्हणाले, "सगळं तुझ्यासाठीच केलं, मिनू. बघ की, आज कुठं पोचलीस."

हे मात्र मिनलला सहन झालं नाही. चोरी त्यांनी केली आणि माल तिच्या पदरात टाकला. बारावा नंबर, बारावा नंबर म्हणून ज्या पायरीवर ती आयुष्यभर उभी होती, ती तिची नव्हतीच. आणि वरून तीच पायरी दाखवून पप्पा उपकार सांगत होते. तिनं पत्रा उचलला. "माझ्या नावावर खपवू नका," एवढंच म्हणाली आणि निघाली. जिन्यावर पप्पांनी हाक मारली, तरी ती वळली नाही.

दोन दिवस तिनं विचार केला. पूनमला सांगायचं की नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एक मन म्हणे. काका गेले, पप्पा सत्तरीला टेकले, आता उकरून काय मिळणार? पण पूनमला न सांगणं म्हणजे आपणही टाइम ऑफिसात उभं राहून चार वाजू देणं, हे तिला कळत होतं. मंगळवारी तिनं सुट्टी टाकली, कम्प्युटर गाडीच्या डिकीत ठेवला आणि निघोज्याला गेली.

पूनम तिथल्या एका पॅकेजिंग कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होती. पहिली शिफ्ट तीनला सुटली. गेटमधून बाहेर येताना तिनं मिनलला लांबूनच ओळखलं.

"जय भीम, मॅडम! आज इकडं कुठं?" ती हसली. "बस सुटायला दहा मिनटं आहेत हां माझी."

मिनलनं डिकी उघडली. पूनमचं हसू तिथंच थांबलं. मिनलनं बाजूचा पत्रा पलटून तिच्यापुढे धरला आणि काल रात्रीपासून घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. गेटपास, शनिवार, चार वाजणं, सगळं. पूनमनं नंबरावरून नुसतं बोट फिरवलं.

"गेटपासचं न्हवतं माहीत," ती म्हणाली. "नंबराचं माहिती होतं."

"काय?"

"नुकतीच अकरावीला गेलेवते मी. तू पाणी प्यायला आत गेलीवतीस. आत काहीतरी खडखडत होतं, म्हणून मी पत्र्याला हात लावला, तर स्क्रू ढिलाच. सरकवला तर अप्पांचा नंबर. तेवढं वाचायला कम्प्युटर यावा लागतो व्हय?"

"मग काकांना सांगितलं नाहीस?"

"त्याच दिवशी सांगितलं. अप्पा जेवता जेवता उठले. मला वाटलं, आता जातात तुमच्याकडं भांडायला. तर दारातनं परत आले. म्हणले, गप बस. भांडलो तर मशीन मिळायचं न्हाई, आणि तुझा रविवारचा अर्धा तासपण जाईल."

ज्यांचा विश्वासघात झाला ते सगळं जाणून गप्प बसले होते. अंधारात एकटी तीच होती, आणि रुबाबही तिचाच होता.

"म्हणजे त्यानंतर दोन वर्षं..."

"दोन वर्षं मी माझ्याच मशीनवर बसायला तुझी परवानगी घेत होते," पूनम म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं.

"मला खरंच काही माहीत नव्हतं गं, पूनम. शपथ घेऊन सांगते."

"माहितीये मला. जयसिंगकाकांनी केलं ते त्यांनी केलं, त्यात तू काय करणार?"

कंपनीची बस गेटसमोर येऊन लागली. मिनल म्हणाली, "हा तुझा आहे. मी घरी पोचवते." पूनमनं डिकीतल्या उघड्या कॅबिनेटकडे बघितलं, आतल्या गंजलेल्या तारांकडे बघितलं आणि मान हलवली.

"आता काय करू त्याचं? हा तेवढा नेते." तिनं नंबराचा पत्रा ओढणीनं पुसला आणि काखेत धरला. "अप्पांच्या नंबराचा डबापण राहिला न्हाई आमच्याकडं."

ती बसकडे निघाली. मिनलला वाटलं, सुटले, निदान हिनं तरी आपल्याला माफ केलं. तेवढ्यात पायरीवर एक पाय ठेवून पूनम वळली.

"पण मिनू, गजर तर तूच लावायचीस ना? पाच मिनटं आधीचा."

दार लागलं आणि बस चाकण रोडच्या दिशेला गेली. मिनल डिकीशी उभी राहिली. शुक्रवारच्या भाषणाचा कागद पर्समध्ये तसाच होता. तिनं तो काढून वरपासून खालपर्यंत वाचला. पूनमचं नाव त्यात कुठेच नव्हतं.