दुपारच्या गाद्या

सुरैय्याचं डोकं पंधरा दिवसांपासून तापलेलंच होतं. दुबईतल्या अल कुसैसच्या त्या नर्सरीत ती आठ वर्षं तीन-तीन वर्षांची पोरं सांभाळत आली होती. आठ वर्षं रोज जेवणं उरकून बारा वाजले की गाद्या पडायच्या, पडदे ओढले जायचे आणि सव्वापर्यंत वर्ग चिडीचूप असायचा. आता मॅनेजर तहसीन मॅडमनी गाद्या स्टोअरमध्ये टाकायला लावल्या होत्या. त्या वेळात फोनिक्स, म्हणजे इंग्रजी अक्षरांचे उच्चार, शिकवायचे होते. पोट भरून डोळे मिटायला लागलेल्या पोरांना, भर दुपारी.

शहाणपण सुचलं होतं ते आईबापांना. नर्सरीने वर्गात कॅमेरे बसवून पालकांच्या मोबाइलवर ॲप दिलं होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हे उघडून बघणार, आणि बघावं तर लेकरू पालथं पडून झोपलेलं. महिन्याला दोन हजार दिरहम, म्हणजे सेहेचाळीस हजार रुपये, आपण काय झोपा काढायला भरतो का, असं कुणीतरी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. दुपारची झोप बंदच करा, अशी मागणी मात्र सगळ्यात आधी केली ती रंजिताने, अस्मीच्या आईने.

रंजिता वाईट बाई नव्हती, हे सुरैय्याला रागातही मान्य होतं. तिचा नवरा नागेश लांब अबू धाबीकडे मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये होता. कंपनीची बस पाचला यायची, म्हणून घरात साडेचारला गजर. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये खोली एकच, त्यामुळे दिवा लागला की अस्मीही उठून बसायची. रात्री तरी तिने आठला झोपावं, म्हणजे नागेशला नीट पडता येईल, एवढंच रंजिताला हवं होतं. दुपारी झोपू दिलं नाही की रात्री आपोआप लवकर झोपेल, असं ती धरून चालली होती.

झालं भलतंच. दिवसभर जागी ठेवलेली पोर संध्याकाळी घरी परतताना कारलिफ्टच्या, म्हणजे भाड्याच्या सामायिक गाडीत आईच्या मांडीवर अर्धा तास मेल्यासारखी झोपायची. खोलीवर आली की टक्क जागी, आणि मग अकरापर्यंत पलंगावर उड्या. हे खुद्द रंजितानेच एका सकाळी रडवेली होऊन सांगितलं होतं. सांगून झाल्यावर वर विचारलं की मिस, हिला अजून थोडं दमवता येईल का? सुरैय्याने तेव्हा तोंडावर आलेले शब्द गिळले होते. ते तेव्हा गिळायला नको होते, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

कारण अस्मी बिघडत चालली. गेल्या महिन्यापर्यंत आपल्या डब्यातले काजू मोजून शेजाऱ्याला देणारी मुलगी आता साडेबारा वाजले की ठोकळे भिरकावायची, जमिनीवर डोकं आपटायची. दोनदा तिने मुलांना बोचकारलं. आज तर अकरा वाजायच्या आतच तिने वर्गातल्या ओवेसच्या दंडाचा असा चावा घेतला की दातांचे वळ उठले.

तहसीन मॅडमनी तासाभरात पत्र तयार केलं. मुलगी आक्रमक आहे, पालकांनी स्वतःच्या खर्चाने तिच्यासाठी वेगळी टीचर ठेवावी, नाहीतर नर्सरीतून काढावं. खाली वर्गशिक्षिकेची सही हवी होती. वेगळी टीचर नागेशला सात जन्मात परवडणार नव्हती, हे मॅडमना माहीत होतं. पत्र वाचता वाचता सुरैय्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने विचारलं की झोप मोडलेल्या पोराला आपण आजारी ठरवायचं का.

"इमोशनल होऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. "पॅरेंट्सनी मागितलं ते आपण दिलं. साइन कर, खलास."

तिने सही केली नाही. तिचा व्हिसा याच नर्सरीचा होता, नोकरी गेली तर देश सोडावा लागला असता, तरीही केली नाही. पत्र टेबलावर ठेवून ती सरळ स्टोअरमध्ये गेली आणि दोन-दोन करत चौदा गाद्या ओढून आणल्या. वर्गात अंथरल्या, पडदे ओढले. कुणाला झोपा म्हणावं लागलंच नाही. रडून डोळे सुजलेली अस्मी स्वतःच एका गादीवर जाऊन पडली. पाच मिनिटांत बारा जण गाढ झोपले होते, आणि त्यांत दंड चोळणारा ओवेसही होता.

पालकांना ॲपवर हे दिसताच नर्सरीच्या ऑफिसातला फोन वाजायला लागला. अर्ध्या तासात रंजिता टॅक्सी करून देऱ्यातल्या कामावरून हजर झाली. दारातच तिने आवाज चढवला, आमच्या मुलीला तुम्ही कुणाला विचारून झोपवलंत म्हणून. मागे तहसीन मॅडम पत्र घेऊन उभ्या होत्या.

"तिने आज एका पोराला चावलंय, रंजिता," सुरैय्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला ह्या मॅडम हाकलायला निघाल्यात. तुमच्या लेकीला काही झालेलं नाही. ती झोपेची भुकेली आहे. तुम्ही बंद केलीत ती झोप, आणि मी गप्प बसले. दोघींनी मिळून हाल केलेत तिचे."

रंजिता पत्र वाचत उभी राहिली. मग तिचा चेहरा घट्ट झाला. इथे ठेवायचीच नाही आता, असं काहीतरी पुटपुटत ती वर्गात शिरली आणि अस्मीला उचलायला वाकली.

आईचा हात लागताच अस्मी दचकली. डोळे उघडतही नव्हते, तरी ती धडपडत उठून ताठ बसली.

"आय ॲम नॉट स्लीपिंग, मम्मा," ती घाईघाईने म्हणाली. "आय ॲम अवेक. सी? आय ॲम अवेक."

आणि बसल्या बसल्याच तिची मान पुन्हा खाली कलंडली.

रंजिताचे हात तसेच राहिले. थोड्या वेळाने तिने लेकीला हळूच आडवं केलं, आणि पर्स खांद्याला तशीच असताना तिच्या शेजारी फरशीवर बसली. तहसीन मॅडमनी दारातून विचारलं की पत्राचं काय करायचं.

"आवाज करू नका," रंजिता म्हणाली. "झोपलीय ती."

सुरैय्याने मॅडमच्या तोंडावर दार लावून घेतलं. राग तिचा काही उतरला नव्हता. ती भिंतीला टेकून सव्वा वाजायची वाट बघत उभी राहिली.