पेंढ्यातला आंबा

शेखरने आंब्याच्या देठाजवळ अंगठा टेकवला आणि हलकेच दाबला. आंबा दबला. त्याने तो डाव्या बाजूच्या ढिगात ठेवला आणि दुसरा उचलला. तोही दबला.

खरं तर दाबून बघायची गरजच नव्हती. टोकावड्याच्या अलीकडे गाडी आत वळली, नथूमामाच्या अंगणात थांबली आणि दार उघडताच वास आला. एरवी या वासाने माणूस खूश होतो. कंपनीला मात्र वास येणारा आंबा चालत नसे. तिला हवा होता हिरवा, टणक, मुका आंबा, जो आखातातल्या कुठल्याशा दुकानात पोचल्यावर मग सावकाश पिकेल.

"किती निघतायत रे चांगले?" ओट्यावरून मामाने विचारलं.

"बघतोय मामा."

ड्रायव्हर गाडीला टेकून बिडी ओढत होता. दोघे हमाल रिकामे क्रेट उतरवून सावलीला बसले होते. कंपनीचा हा तपासनीस या घरचा भाचा आहे, हे तिघांनाही माहीत होतं, आणि तिघेही त्याच्या हाताकडे बघत होते.

गाडी सोमवारी यायची होती. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे मामाने रविवारी माणसं लावून बाग उतरवली, देठ राखून, एकेक आंबा हाताने. गाडी आली बुधवारी. मधल्या काळात मामाने टोकावड्याच्या बूथवरून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ‘निघाली आहे’ असंच उत्तर मिळालं. वैशाखाचं ऊन, त्यात पडवीवर पत्रा. उघडे आंबे सुरकुतायला लागले. तेव्हा मामाने आपल्या बापाने केलं असतं तेच केलं. भाताचा पेंढा आणला आणि आंबे त्यात झाकले. पिकवायला नव्हे, उन्हापासून जपायला. पेंढ्याला हा फरक कुठला कळायला! त्याने आपलं नेहमीचं काम केलं, ऊब दिली, आणि आंब्यांचा रंग फिरला.

पेंढा वापरायचा नाही, हे करारात स्पष्ट होतं. शेखरनेच ते दोन वर्षांपूर्वी याच ओट्यावर बसून मामाला वाचून दाखवलं होतं. गाडी उशिरा आली तर काय करायचं, ते मात्र करारात कुठेच नव्हतं. करार लिहिणाऱ्याला गाडीची वाट बघत बसावं लागत नाही, म्हणून असेल.

आणि अर्ध्याहून जास्त माल नापास झाला की बाग कंपनीच्या यादीतून बाद. मग ठरलेला भाव नाही, फवारणी नाही, काही नाही. कल्याणचा एक व्यापारी पूर्वी मोहर बघूनच बाग घ्यायचा. कंपनीच्या भरवशावर मामाने त्याला दारातून परत पाठवलं होतं. तो आता या रस्त्याला फिरकतही नव्हता.

गोदूमामीने तांब्याभर पाणी आणलं. देता देता ती शेखरच्या जवळ वाकली.

"वरचं वरचं बघ ना रे. तळाचे कोण बघतंय?"

"वाशीला परत उघडतात मामी. सगळे क्रेट."

"मंग त्यांना सांग ना, गाडी तुमचीच उशिरा आली."

"सांगेन. पण ते माल बघतात. कारण नाय बघत."

शेखर पाणी प्यायला. नोकरी लागल्यापासून तो या घरी पाण्यापलीकडे काही घेत नसे. कंपनीच्या माणसाने शेतकऱ्याकडून एक फळसुद्धा घ्यायचं नाही असा नियम होता, आणि शेखर नियमाचा पक्का. लहानपणी उन्हाळाभर याच अंगणात लोळलेला पोरगा पाण्यावर उठून जातो, हे मामीला दर वेळी लागायचं.

दुपार कलली तेव्हा डावा ढीग उजव्याच्या दुप्पट झाला होता. शेखर उठला. त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"मामा, अर्ध्याच्या वर गेले."

"मंग?"

"बाग बाद होईल. मला तसं कळवावं लागेल."

मामाने शिवी हासडली असती, तुझी आई याच घरातली म्हणून सुनावलं असतं, तर शेखरला बरं वाटलं असतं. मामाने नुसती सदऱ्याला चिकटलेली पेंढ्याची काडी काढली आणि बोटांत फिरवत राहिला.

"तुझ्या हातानं बाद केलीस?" मामीचा आवाज चढला.

"गप गो," मामा म्हणाला. "त्यानं नाय केली." मग, कुणालाच उद्देशून नाही असं, "दमलो पण मी. लय दमलो."

हमालांनी पास झालेले थोडेसे क्रेट गाडीत चढवले. एवढ्या मोठ्या गाडीत ते एका कोपऱ्यात मावले. शेखरने उगाच दोरी ओढून बघितली, उगाच चाकाला लाथ मारली. निरोप कसा घ्यावा ते त्याला कळत नव्हतं.

"गोदू, करंडी आण गो," मामाने हाक दिली.

तो डाव्या ढिगाशी उकिडवा बसला आणि आंबे निवडू लागला. एकेक नाकाशी धरायचा, उद्या खायला होईल असा असला की करंडीत ठेवायचा. मामीने आधी नुसतं बघितलं. मग पदराने डोळे पुसले आणि तीही समोर बसून निवडू लागली. करंडी भरल्यावर मामाने ती उचलून शेखरपुढे धरली.

"हौसाला दे."

हौसा म्हणजे मामाची बहीण, शेखरची आई. तिला किन्हवलीला दिली तेव्हापासून उतरलेल्या आंब्यांतली पहिली करंडी तिच्याकडे जायची. करार झाल्यावर सगळा माल कंपनीचा झाला आणि ती करंडी थांबली.

"मला नाय घेता येत मामा. तुमाला माहीत हाय ना."

"आता येतं. आता बाग कंपनीची नाय."

शेखरने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने बिडी पायाखाली चिरडली, दार उघडलं आणि उघडंच धरून उभा राहिला. मामाने करंडी स्वतःच सीटवर नेऊन ठेवली, कलंडू नये म्हणून बाजूला गोणपाट खोचलं.

"हौसाला सांग, दोन वरसं राहून गेलं," तो म्हणाला. "आता दरसाल पाठवीन."