अर्धी गोळी

"गोळ्या रोज घेतल्या ना?" डॉक्टरांनी विचारलं, आणि जानराव तोंड उघडायच्या आत मंजुळाबाईनं मान हलवली.

"हो जी. रोज."

ते काही खोटं नव्हतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो टेबलावर ठेवला.

"मग औषध पुरतं पोटात गेलं नाही. अर्धवट औषधानं क्षयाचे जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. आता या गोळ्या चालायच्या नाहीत, दुसरं औषध मागवावं लागेल. यांच्यापासून ज्याला लागण होईल त्यालाही हीच अडचण. घरात आणखी कुणी खोकतं?"

"नाही जी," मंजुळाबाई म्हणाली. हे मात्र धादांत खोटं होतं.

बाहेर बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्याच्या पाटीवर 'मुंबई राज्य' खोडून 'महाराष्ट्र राज्य' लिहिलं होतं. लोणारची एसटी येईपर्यंत दोघं त्या पाटीखाली उभी राहिली.

"पुंजाचं सांगाले पाह्यजे होतं," जानराव म्हणाले.

मंजुळाबाईचा धाकटा दीर पुंजाजी खोकायला लागला तेव्हा त्याच्या पोरीची, वच्छलाची सोयरीक साखरखेर्ड्याला जुळत आली होती. थोरल्या जानरावांचा खोकला दमा म्हणून गावात खपून गेला होता. दोघे भाऊ खोकताहेत म्हटल्यावर कोण पोरगी करून घेणार? म्हणून पुंजाजी दवाखान्याची पायरी चढला नाही. चूल एक, ताट एक, आणि औषध एकट्यानं खायचं, हे मंजुळाबाईला पटेना. तिनंच कनवटीचा अडकित्ता काढला आणि सुपारीसारखी गोळी मधोमध कातरली. दोघांच्या अंगावर मांस चढलं. लग्नात दोघे भाऊ पंगतीत वाढत फिरले, तेव्हा आपण डॉक्टरच्याही वरताण निघालो, असं तिला वाटलं होतं. आता दोघांचाही खोकला परत उलटला होता, आणि ते वाटणं आठवून एसटीत तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर तोंडावर ओढून ती खिडकीकडे वळून बसली.

घरी आली तर ओट्यावर वच्छला. दुपारीच माहेरी आलेली, गळ्याची हाडं वर आलेली. मंजुळाबाईच्या मागोमाग ती सैपाकघरात शिरली आणि दार लोटून घेतलं. मग पदरात तोंड खुपसून बराच वेळ खोकली.

"सासरी ठसका म्हणून सांगून राह्यली मी. मोठीमाय, मायनं मले सारं सांगतलं." तिनं तळहात पुढे केला. "बाबाले देत होती, तशी मलेही अर्धी दे."

मंजुळाबाईचा हात सवयीनं कनवटीला गेला. अडकित्ता हाताला लागला, तसा तिनं हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"उद्या पयल्या एसटीनं बुलढाण्याले जाऊ. तुह्या बापालेही घेऊ. डॉक्टरले मीच सांगतो सारं."

"काऊन? सासरी कळलं तं नांदवतीन का मले?"

"त्या गोळीत आता काही राह्यलं नाही, बाई."

वच्छलाचे डोळे भरून आले, पण हात तसाच पुढे.

"बाबाले देल्ली. मलेच द्याले जीवावर आलं तुह्या?"

साऱ्या जन्मात मंजुळाबाईला असं कुणी बोललं नव्हतं. तिनं पोरीचा उघडा तळहात आपल्या हातात धरला आणि एकेक बोट दुमडून मिटला.