तिसरी पट्टी

मेमरीची बोटभर लांबीची हिरवी पट्टी, कडेला सोनेरी दात – मघापासून तो आपल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात ती चिमटीत धरून बसला होता आणि समोर स्टुलावर बाई बोलत होत्या. बाई निवृत्त शिक्षिका. गेलेल्या थोरल्या बहिणीची पत्रं त्यांनी टाइप करून कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती, अन् तो कॉम्प्युटर दिवसेंदिवस गोगलगाय होत चालला होता. "थोडी मेमरी वाढवा ना," त्या एका मंगळवारी पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हा त्यानं वाढवली. दुसऱ्यांदाही वाढवली – फुकट, जुन्या यंत्रातली काढून – आणि तेव्हा त्याला पक्कं ठाऊक होतं, उपयोग शून्य. मेमरी अपुरी पडत असेल तर वाढवून फरक पडतो; इथं अर्धी रिकामीच होती. दोन माणसांच्या घरात बारा खुर्च्या मांडल्या म्हणून जेवणं लवकर उरकतात का... दोन माणसांच्या? त्याच्या घरात तर एकच.

दुखणं पत्रं साठवणाऱ्या डिस्कचं होतं. सांगितलं असतं तर एका बैठकीत काम मिटलं असतं. आणि मग? मग मंगळवारी "डबा खाल्लात का?" असं विचारायला कोण येणार होतं? बाकीची गिऱ्हाइकं "कधी मिळेल?" एवढंच विचारत. मी काही चोरलं नाही, तो स्वतःला बजावत होता, फक्त दोन-तीन मंगळवार...

यंत्राच्या पोटात टक् वाजलं. पुन्हा वाजलं. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. अशी डिस्क कधीकधी संध्याकाळही पाहत नाही.

"बाई, पत्रांची दुसरी प्रत आहे कुठे?"

"नाही हो. कागद तर वाळवीनं खाल्ले. का?"

त्यानं पट्टी खाली ठेवली.

"मेमरी घालून काही होणार नाही. डिस्क जातेय. पत्रं आत्ता उतरवून घेतो, नवी बसवतो." मग मान वर न करता म्हणाला, "मला मागच्याच खेपेला कळलं होतं."

बाईंनी खाली ठेवलेल्या पट्टीकडे पाहिलं.

"म्हणजे आता परत यावं लागणार नाही?"

"नाही."

बाईंच्या आवाजात हा राग होता, की आणखी काही? एका टक्‌वरून यंत्राचं दुखणं ओळखणाऱ्या त्याला ते काही केल्या कळेना. पडद्यावर पत्रं एकेक करून उतरत होती, अडखळत. बाई अजून स्टुलावरच होत्या. हळू चाल, असं त्याला वाटून गेलं... आणि लगेच लाज वाटून तो मनातल्या मनात विनवू लागला – लवकर, बाबा, लवकर.