अवनीचा शनिवार

नीतानं कोळंबीचा तुकडा गळाला टोचला, बोटं जीन्सला पुसली आणि रॉड बाबांच्या हातात दिला. पहिल्याच प्रयत्नात जमलं होतं. बाबांनी गळ उलटसुलट करून पाहिला, मान हलवली आणि सिंगापूरच्या बेडोक जेटीवरून लांब समुद्रात फेकला.

ती घडीच्या खुर्चीवर बसली. खुर्ची अवनीची होती, अकरा वर्षांच्या मुलीच्या मापाची. नीताचे गुडघे वर येत होते. तरी तिला तिथं बसून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

कारण अवनीला तिनं चक्क कटवलं होतं. बाबा गुरुवारी पुण्याला परत जाणार, म्हणजे हा शेवटचा शनिवार. गेले अडीच महिने दर शनिवारी आजोबा आणि नात पहाटे सेरंगूनच्या फ्लॅटमधून निघत आणि उन्हानं लाल होऊन, एकमेकांना टाळ्या देत दुपारी परत येत. बुधवारी नीतानं ट्यूशन सेंटरला फोन केला आणि अवनीचा बुडालेला गणिताचा तास शनिवारी सकाळी लावून घेतला.

"बट ममा, आजोबांचा लास्ट सॅटर्डे आहे, लाह!"

"पीएसएलईच्या परीक्षेचं वर्ष आहे तुझं," नीता म्हणाली, आणि अवनीला सोडायचं काम नवऱ्यावर, क्षितिजवर, टाकून मोकळी झाली. मग बाबांना अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाली, "या वेळी मी येते." बाबा नुसतं "बरं" म्हणाले.

पोटच्या पोरीवर कोणी जळतं का? नीता जळत होती. आजोबा-नातीच्या चपला दारातून एकत्र गेलेल्या दिसल्या की तिच्या पोटात दुखायला लागायचं.

ती दहा वर्षांची असताना बाबांची बदली कुल्लूकडे, धरणाच्या कामावर झाली होती. सुट्टीत बाबा लायसन्स काढून ट्राउट पकडायला जायचे, आणि बरोबर वरुणदादाला न्यायचे. नीताला नाही. "तू बडबडी आहेस. ट्राउट फार सावध मासा, आवाजानं पळतो," असं सांगून टाकलं होतं. दोन उन्हाळे तिनं आईबरोबर राजमा निवडण्यात घालवले. संध्याकाळी दोघं ओल्या बुटांनी परत यायचे आणि त्यांच्यात काहीतरी असायचं, जे तिला कोणीच सांगायचं नाही. आई जाऊन आता चार वर्षं झाली, वरुणदादा बंगळुरूला स्थायिक झाला, पण ते ओले बूट काही नीताच्या मनातून गेले नव्हते.

आणि अवनीच्या तोंडाला तर क्षणाची उसंत नसते! नीतानं एकदा खोचून विचारलंही होतं, "आता मासे पळत नाहीत वाटतं?"

"सिंगापूरचे मासे ते," बाबा हसले होते. "त्यांना सवय आहे."

नीताला हसू आलं नव्हतं. म्हणूनच आज एक शब्द बोलायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. दाखवूनच द्यायचं होतं तिला.

बाबांनी पाणी मागितलं, तिनं बाटली पुढे केली. ऊन वाढलं म्हणाले, तिनं मान डोलावली. शेजारच्या मलय काकांना हातभर लांब मासा लागला, तेव्हाही तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. बाबा मधूनच तिच्याकडे बघत आणि घसा खाकरत. असे दोन तास गेले. शेवटी बाबांनी दोर गुंडाळायला घेतला.

"काय झालं?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"चल, जाऊ. तू रागावली आहेस."

"मी? एक शब्द तरी बोलले का मी?"

"तेच तर म्हणतोय."

 नीताचा आवाज चढला.

"बोललं की मासे पळतात म्हणून दोन उन्हाळे मला घरी बसवलंत. आज तोंड शिवून बसले, तर मी रागावले? वरुणदादा नव्हता बसत गप्प?"

बाबांचा हात थांबला.

"बसायचा. अजूनही गप्पच असतो. रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवून देतो."

"मग अवनीशी पाच-पाच तास काय बोलता?"

"मी कुठं बोलतो? मी विचारतो, ती सांगते."

"काय?"

"तुझंच." बाबा पाण्याकडे बघत म्हणाले. "इथं कायम राहायचा परवाना, तो पीआर, नाकारल्याचं पत्र आलं तेव्हा तू नळ सोडून बाथरूममध्ये रडलीस. नवा मॅनेजर तुला मीटिंगमध्ये तोंड उघडू देत नाही. हल्ली स्वयंपाक करताना गुणगुणत नाहीस. मला तू फोनवरही सांगायचीस आणि इथंही सांगतेस, सगळं ठीक आहे. मग मी कोणाला विचारायचं?"

नीताला रडू आलं आणि त्याच्याआधी अवनीचा राग आला. आपलं रडणंसुद्धा त्या पोरीनं आधीच सांगून टाकलं होतं. आपल्या वाट्याला सांगायला म्हणून काही ठेवलंच नव्हतं तिनं.

बाबांनी दोर पुरता गुंडाळला, रॉड कठड्याला टेकवला आणि आपली खुर्ची वळवून ते तिच्याकडे तोंड करून बसले. घाई अशी त्यांना नव्हतीच. नीतानं अवनीला माहीत नसलेलं काही मनातल्या मनात शोधलं. मग तिनं अवनीची खुर्ची बाबांच्या गुडघ्यापर्यंत सरकवली.

"एक आहे," ती म्हणाली. "क्षितिजलासुद्धा माहीत नाही."

"बोल."

"पण हे अवनीला नाही हं सांगायचं," तिनं आधी बजावलं.