स्वयंपाकघरातले सहा प्रेक्षक

खोक्यात कॅमेरे चार, रेकॉर्डर एक, वायरींची वेटोळी पाच, स्क्रू सोळा आणि भिंतीत ठोकायचे प्लास्टिकचे गट्टू पंधरा होते. सोळाव्या गट्टूसाठी भाचीने, म्हणजे मोजपट्टीने, खोकं उलटं करून झटकलं, थर्माकोलच्या फटींत बोट घातलं, शेवटी पिशवीतले गट्टू पुन्हा मोजले. पंधराच.

"नाही सापडला तर काय, पोलिसात जायचं का?" आत्याने विचारलं.

मोजपट्टी हे नाव आत्यानेच ठेवलेलं. भाची पदार्थविज्ञान शिकून नुकतीच पदवीधर झाली होती, पण मोजायची खोड त्याच्या कितीतरी आधीची. लहानपणी जेवायला बसली की ताटातले वाटाणे मोजल्याशिवाय घास घ्यायची नाही.

कॅमेरे बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, पाठवले होते. त्याला कारणही तसंच होतं. आत्या एकटी राहायची, आणि मागच्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून घसरून मनगट मोडून बसली होती. प्लास्टर निघालं त्या दिवशी बाबांनी निर्णय सुनावला: महिनाभर कॅमेरे राहतील. त्या महिन्यात ताई पुन्हा स्टुलावर चढलेली दिसली, तर सामान बांधायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं. किती वेळा चढली याचा हिशेब मोजपट्टी देईल, कारण ती आकड्यात लबाडी करत नाही.

"आणि नाही चढले तर?"

"तर पुन्हा विषय काढणार नाही," बाबा म्हणाले होते.

आत्याने हो म्हटलं. भावाच्या घरी तिचे लाड झाले असते यात शंका नव्हती. पण तिला तिथे सकाळचा चहा दुसऱ्याच्या वेळेवर प्यावा लागला असता, आणि एवढ्या एका कारणासाठी ती आणखी दहा हाडं मोडून घ्यायला तयार होती.

मोजपट्टीने काम चोख केलं. एक कॅमेरा पुढच्या दारावर, एक मागच्या दारावर, एक जिन्यात. चौथा, बाबांच्या आग्रहाखातर, स्वयंपाकघरात थेट छताखाली. त्याला तीन गट्टू आणि एक काडेपेटीतली काडी लागली. मग तिने रेकॉर्डरच्या पाठीवर छापलेला कारखान्याचा पासवर्ड बदलायला घेतला.

"हा पासवर्ड असाच ठेवला, तर जगात कुणीही तुझ्या घरात डोकावू शकेल," तिने आत्याला समजावलं. कॅमेऱ्यांसाठी वायफायचं वेगळं जाळं केलं, म्हणजे एखादा कॅमेरा फितूर झाला तरी आत्याच्या फोनपर्यंत पोचायला नको. रेकॉर्डरचं सॉफ्टवेअर नवं केलं. मालकाचं खातं मात्र बाबांच्या नावाने उघडलं, कारण खरेदी त्यांची. नवा पासवर्ड टाकायला बाबा स्वतः आले. त्यांनी तो टाकला तेव्हा मोजपट्टीने शिष्टाचार म्हणून तोंड फिरवलं. टकटक ऐकून कळा तेवढ्या मोजल्या: दहा. तिथेच तिचे कान टवकारायला हवे होते.

दहा दिवसांनी आत्याचा फोन आला.

"मोजपट्टे, जरा ये. माझ्या घरात किती माणसं राहतात ते मोजून दे."

मोजपट्टी पोचली तेव्हा आत्या कणीक मळत होती. एवढ्यात छताखालच्या कॅमेऱ्यातून बाबांचा आवाज आला, "ताई, गॅस बारीक कर." पाठोपाठ त्याच भोकातून काकू बोलल्या, "राहू दे हो, मोठाच बरा. आणि वन्सं, हा गाऊन आता बोहारणीला द्या."

आत्याने कणकेचा हात कॅमेऱ्याकडे रोखला. "सकाळी उठते तेव्हापासून हे. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आमचा नियम होता: दोन माणसं बोलत असताना ऑपरेटर ओळीवर आली, तर आधी आवाज द्यायचा. गुपचूप ऐकणारीला मी स्वतः घरी पाठवलंय. आणि आता माझ्याच घरात फुकटचे ऑपरेटर."

मोजपट्टीने बाबांकडून परवानगी घेऊन खातं उघडलं. आत शिरलेल्या उपकरणांची यादी पाहून ती खुर्चीवर बसली. सहा. बाबांचा फोन, बाबांचा ऑफिसातला संगणक, काकांचा फोन, काकूंचा फोन, चुलतभावाचा टॅब, आणि काकूंच्या माहेरचा एक टीव्ही.

"टीव्ही?" आत्या म्हणाली. "म्हणजे मी मोठ्या पडद्यावर दिसते?"

"त्रेचाळीस इंची."

कुणी चोर नव्हता, कुणी कुलूप फोडलं नव्हतं. या कुटुंबात फोन, बँक, वीजबिल, सगळ्याला एकच पासवर्ड चालायचा: आत्याच्या जुन्या स्कूटरचा नंबर. त्या स्कूटरवर सगळे गाडी शिकले होते आणि सगळ्यांना तो झोपेतही पाठ होता. अक्षरं आणि आकडे मिळून दहा. बाबांनी कॅमेरे बसल्याची बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, आणि बाकीचे न विचारता, न सांगता, घरच्या किल्लीने उघडावं तसे आत आले. मोजपट्टीने सगळ्या जगाला दाराबाहेर ठेवलं होतं आणि नातेवाईकांना सोडून दिलं होतं.

"आता हिशेबाचं बघू," ती म्हणाली आणि रेकॉर्डिंग चाळायला लागली. जसजशी चाळत गेली तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. "आत्या, तू दहा दिवसांत नऊ वेळा स्टुलावर चढलीस."

आत्या कणीक मळत राहिली.

"मला हे बाबांना सांगावं लागेल."

"सांग की. तुला खोटं बोल म्हणाले का मी? फक्त मोजलंस तसं नीट बघही."

मोजपट्टीने नऊही तुकडे पुन्हा पाहिले. या वेळी शेवटपर्यंत. मग खुदकन हसली आणि बाबांना म्हणाली, फोनवर नको, रविवारी आत्याकडे या.

रविवारी बाबा सोक्षमोक्ष लावायच्या तयारीने आले. येताना एक मोठी रिकामी बॅग घेऊन आले, ती आत्याने दारातच पाहिली आणि पायपुसण्याशेजारी ठेवायला लावली.

"किती?" बाबांनी विचारलं.

"नऊ," मोजपट्टी म्हणाली.

"झालं तर मग. ताई, मी तुला आधीच—"

"एक वेळा बिस्किटांच्या डब्यासाठी. आठ वेळा कॅमेऱ्यासाठी."

"कॅमेऱ्यासाठी म्हणजे?"

मोजपट्टीने फोन त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर आत्या स्टुलावर चढली, तिचं नाक मोठं मोठं होत गेलं आणि अंधार झाला. दुसऱ्या तुकड्यात अंधार गेला, आत्या उतरताना दिसली, हातात लाल लोकरीची एक छोटी टोपी, वर गोंडा.

"ही माझी टोपी," बाबा म्हणाले.

"चौथीतली," आत्या म्हणाली. "कॅमेऱ्याला बरोब्बर बसते. तुझं डोकं तेवढंच होतं."

"चार वेळा घालायला, चार वेळा काढायला," मोजपट्टीने पूर्ण केलं. "काढायची वेळ का आली, तर अंधार दिसला की तुम्ही फोन करायचात, कॅमेरा बिघडला, माणूस पाठवतो."

आत्याने पुढे केलेली टोपी बाबांनी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "म्हणजे कॅमेरा नसता तर ती एकदाच चढली असती."

"उपलब्ध आकडे तसं सांगतात."

"आणि तो डबा इतक्या वर का असतो?"

"तू सहा वर्षांचा होतास तेव्हापासून तिथे आहे," आत्या म्हणाली. "खाली ठेवला की रिकामा व्हायचा."

बाबा खुर्चीत मागे टेकले. मग हळूच म्हणाले, "ताई, त्या दिवशी तू पडलीस आणि शेजारणीचा फोन येईपर्यंत मला काही माहीत नव्हतं. एवढंच आहे गं माझं."

आत्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "बघायला माझी ना नाही, धाकट्या. पण ओळीवर आलास की आवाज दे."

बॅगेचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही. मग काम सुरू झालं. मोजपट्टीने टाचणी मागितली, रेकॉर्डरच्या पाठीवरच्या बारीक भोकात खुपसली आणि दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरली.

"हे काय केलंस?" बाबांनी विचारलं.

"सगळं पुसलं. रेकॉर्डर हातात असला की कुणालाही कोऱ्यापासून सुरुवात करता येते. म्हणून तो कपाटात, कुलपात राहील."

या खेपेला मालक आत्या. तिने पासवर्ड टाकताना बाबांना गॅलरीत धाडलं आणि मोजपट्टीला भिंतीकडे तोंड करायला लावलं. टकटक सव्वीस वेळा झाली. नव्या माणसाला आत यायचं तर आत्याच्या फोनवर कोड येईल, अशीही सोय केली. बाबांना पाहुण्याचं खातं मिळालं: दोन्ही दारं आणि जिना कधीही, स्वयंपाकघर आत्याने उघडलं तरच. त्यांनी कॅमेरा उघडला, किंवा कॅमेऱ्यासमोर कुणी हललं, की आत्याच्या फोनवर घंटी वाजणार होती. स्वयंपाकघरातला कॅमेरा मोजपट्टीने छताखालून काढून ओट्याशेजारी, आत्याचा हात जमिनीवरून पोचेल असा लावला. टोपी खुंटीवर, त्याच्याच बाजूला. बिस्किटांचा डबा मात्र आत्याने हलवू दिला नाही.

काकूंनी त्याच संध्याकाळी प्रयत्न करून पाहिला. "वन्सं, तुमच्या फोनवर सहा आकडी कोड आलाय, जरा सांगता का?"

"कोड कुणालाही सांगू नका, असं त्यातच लिहिलंय," आत्या गोड आवाजात म्हणाली. "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

बाबांनी सोमवारी ऑफिसातून सवयीने जिना उघडला. अर्ध्या मिनिटात त्यांचा फोन खणखणला. "नमस्कार. आपण जिना पाहत आहात. कुणाशी जोडून देऊ?" मंगळवारीही तेच. बुधवारी ऐन मीटिंगमध्ये. गुरुवारपासून ते आधी फोन करायला लागले, आणि आत्या टोपी काढून कॅमेऱ्यासमोर चहाचा कप घेऊन बसायला लागली. बऱ्याचदा दोघं कॅमेरा विसरून नुसते बोलत राहायचे.

महिना भरला त्या रविवारी बाबा पुन्हा आले, बॅग न घेता. कॅमेऱ्याची टोपी खुंटीवर ठेवून आत्या आणि मोजपट्टी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. आत्याच्या फोनची घंटी वाजली: स्वयंपाकघरात हालचाल. तिने पदराला हात पुसले, पडदा पाहिला, बोलायचं बटण दाबलं आणि एक्स्चेंजमधल्या त्या शांत, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"धाकट्या, स्टूल."

आत काहीतरी पत्र्याचं खाली पडलं.

मोजपट्टीने हिशेब पुरा केला. शेवटचा आठवडा, स्टुलावर चढण्याच्या घटना: एक. कालावधी: अकरा सेकंद. डब्यातून कमी झालेली बिस्किटं: दोन.