शुद्धीत असेपर्यंत

विजयमालानं वैद्यकीय इच्छापत्र डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि रविराजनं ते उचलू नये म्हणून वर हात दाबून धरला.

“आबास्नी श्वासाचं मशीन लावायचं न्हाई. त्यांनीच सही केलीया. दोन साक्षीदार हायत, नोटरीचा शिक्का हाय.”

“कागद बगून बापाला मारायचं व्हय, आक्का?” रविराजचा आवाज चढला. फौजेतून सुट्टी काढून तो सकाळीच सांगलीच्या या दवाखान्यात पोचला होता.

“आईला बगितलंस तू? मी बगितलंय.”

त्यांची आई धोंडुबाई गेली तेव्हा रविराज सीमेवर होता. नळ्यांच्या गुंत्यात, हात पलंगाला बांधलेले, अशी ती गेली. तिचं दिवसकार्य उरकताच आबा, म्हणजे भाऊसो, आटपाडीहून विट्याला जाऊन हा कागद करून आले. निर्णयासाठी नावं दोन्ही लेकरांची घातली. पण मुलीला बजावलं, ‘रवी मऊ हाय. तूच पाय रोवून हुबी ऱ्हा.’ जन्मभर मेंढरांमागे फिरलेला माणूस. शब्द फिरवणारा नव्हे.

डॉक्टर मयूरींनी कागद शेवटपर्यंत वाचला.

“हा आम्हाला मानावाच लागेल. पण पेशंटला स्वतः ठरवता येईनासं झाल्यावर. अजून ते शुद्धीत आहेत, त्यांनाच विचारू. वेळ थोडा आहे.”

“इचारा की,” विजयमाला म्हणाली. उत्तर तिला पाठ होतं.

आत भाऊसोंच्या मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला ताणल्या जात होत्या. डॉक्टरांनी वाकून सावकाश सगळं समजावलं, मग विचारलं. म्हाताऱ्यानं तोंडावरचा मास्क बाजूला ओढला.

“लावा.”

विजयमाला पुढे झाली. “आबा, घशात नळी घालत्यात. आईला हुती तीच. कळलं न्हवं?”

“कळलं.” त्यांना धाप लागली. “सही केली तवा भ्या वाटलं न्हवतं, माले.”

रविराजच्या मनासारखं झालं होतं. पण तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“पुढे तुमची शुद्ध गेली, सुधारणा होईना, तर?” डॉक्टरांनी विचारलं. “तेव्हा कागदाप्रमाणं करायचं?”

भाऊसो छताकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट उचलून लेकीकडे दाखवलं.

“तिला इचारा.”

नर्स घाईनं आली. “कवळी काढून घ्या त्यांची.”

विजयमालानं हात पुढे केला. भाऊसोंनी दात काढून तिच्या तळहातावर ठेवले. गाल आत गेले, चेहरा एकदम लहान झाला. मग पडदा ओढला गेला.

बाहेरच्या बाकावर रविराज तिच्या शेजारी येऊन बसला.

“उद्या तुला इचारलं तर काय सांगशील, आक्का?”

तिच्या मिटलेल्या मुठीत ते दात अजून कोमट होते.

“सुट्टी वाढवून घे,” ती म्हणाली.